‘ब्लॅक स्टार’चे जहाज आणि आपल्या जयंतीचा डीजे

मार्चचा शेवटचा आठवडा. यवतमाळातल्या आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात जयंती समितीची बैठक होती. विषय नेहमीचेच : वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, वक्ता कोण आणि डीजे किती बॉक्सचा. दाराशी दोन पोरे केव्हाची उभी होती. शेवटी त्यातला एक पुढे आला आणि म्हणाला, “काका, आमाले दहा मिनिटं द्या ना स्टेजवर. आमी दोघं रॅप करतो. बाबासायबावर लिवलं हाये.”

समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, “हे जलशाचं व्यासपीठ आहे बाळा, धांगडधिंग्याचं नाही. आधीच तो डीजे आमच्या डोक्यावर बसलाय. आम्हाला प्रबोधन पाहिजे.” बरेच जण माना डोलावत होते. खरे सांगायचे तर मीही अर्धी मान डोलावली होती.

नंतर मी पोरांच्या बाजूने बोललो, पण बैठकीत जेवढे बोलता येते तेवढेच. जे राहिले ते इथे मांडतो. त्यासाठी मला एका अमेरिकन जोडीच्या पहिल्या अल्बमची गोष्ट सांगावी लागेल. वाचकांपैकी अनेकांना वाटेल की आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो कापसाइतका जुना आहे.

१९९८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या दोन तरुणांनी एकत्र अल्बम काढला. एकाचे नाव मॉस डेफ, जो पुढे यासिन बे झाला. दुसरा तालिब क्वेली. रॉकस रेकॉर्ड्स ही कंपनी, बहुतेक गाण्यांचे संगीत हाय-टेकचे. जोडीचे नाव ‘ब्लॅक स्टार’. अल्बमचे नावही साधे होते : मॉस डेफ आणि तालिब क्वेली म्हणजेच ब्लॅक स्टार.

काळ कोणता होता ते पाहा. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूरला गोळ्या घालून मारले. मार्च १९९७ मध्ये बिगी गेला, तोही गोळ्यांनीच. रॅपच्या बाजारातली दोन सर्वांत मोठी नावे सहा महिन्यांत संपली. त्यानंतर त्या बाजारात चकचकीत कपडे, गाड्या आणि सोन्याच्या साखळ्यांचाच जोर होता. अशा वेळी या दोघांनी ‘डेफिनिशन’ नावाचे गाणे केले. त्यात त्या दोन मृत्यूंची आठवण आहे आणि आपसांत मारामाऱ्या करून कोणाचे भले होते, असा रोखठोक सवाल आहे. आणखी एका गाण्यात त्यांनी स्लिक रिकची जुनी गोष्ट नव्याने सांगितली. मूळ गोष्ट चोरी करणाऱ्या पोराची. यांनी तो चोर बदलला. यांचा चोर दुसऱ्यांचे संगीत ढापून पैसे कमावणारा आहे.

तरीही मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जोडीचे नाव. ‘ब्लॅक स्टार’ हे नाव त्यांनी मार्कस गार्वी यांच्या जहाज कंपनीवरून घेतले. इथून खरा इतिहास सुरू होतो.

गार्वी जमैकाचे. जन्म १८८७ चा, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा चार वर्षांनी मोठे. १९१४ साली त्यांनी जमैकात संघटना काढली आणि मार्च १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. बाबासाहेब १९१३ पासून त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि १९१६ च्या उन्हाळ्यात लंडनला गेले. काही महिने दोघे एकाच शहरात होते. कोलंबियाला लागूनच हार्लेम आहे आणि गार्वींनी पुढे आपले ठाणे तिथेच मांडले. गार्वींचे ‘निग्रो वर्ल्ड’ १९१८ ला निघाले, बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ १९२० ला. ज्यांच्याकडे स्वतःचे पत्र नाही त्यांची बाजू दुसरेच कोणी मांडणार, हे दोघांनीही ओळखले होते.

१९१९ मध्ये गार्वींनी ‘ब्लॅक स्टार लाइन’ स्थापन केली. गोऱ्यांची ‘व्हाइट स्टार लाइन’ होती, बुडालेले टायटॅनिक तिचेच. तिला हे उत्तर. पाच डॉलरला एक शेअर. घेणारे कोण? धुणीभांडी करणाऱ्या बाया, हॉटेलात ताटल्या उचलणारे, गोदीतले हमाल. ज्यांच्या आजे-पणज्यांना जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधून आणले होते, त्यांनी पाच-पाच डॉलर टाकून स्वतःची जहाजे घेतली. एका जहाजाला तर गुलामगिरीत वाढलेल्या फिलिस व्हीटली या कवयित्रीचे नाव द्यायचे ठरले होते.

हा प्रयोग फसला. जुनी, गळकी जहाजे दामदुप्पट भावाने गळ्यात मारली गेली. कारभार ढिसाळ होता. सरकारी गुप्तहेर पाळतीवर होतेच. १९२२ पर्यंत कंपनी बसली. जे जहाज कंपनीच्या मालकीचे नव्हते त्याचे चित्र पत्रकात छापले, हे धरून टपाल फसवणुकीचा खटला झाला. १९२३ मध्ये गार्वी दोषी ठरले, १९२५ मध्ये तुरुंगात गेले आणि १९२७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढले. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे शंभरएक वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. मधल्या काळात, १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्याने आपल्या झेंड्यावर काळा तारा घेतला आणि राष्ट्रीय जहाज कंपनीचे नावही ब्लॅक स्टार लाइन ठेवले.

गार्वींचे सगळे मला मान्य नाही, हे इथेच सांगतो. १९२२ मध्ये ते कू क्लक्स क्लॅनच्या पुढाऱ्याला भेटले. गोरेही वेगळे राहायचे म्हणतात, आम्हीही म्हणतो, असा त्यांचा हिशेब. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली आणि ती योग्यच होती. आफ्रिकेला परत चला, ही हाक बाबासाहेबांच्या वाटेशी जुळत नाही. बाबासाहेबांनी याच भूमीवर हक्क सांगितला, संविधान लिहिले आणि १९५६ मध्ये नागपुरात याच मातीतला धम्म परत आणला. पण स्वतःच्या वाहनाची मालकी स्वतःकडे असावी, ही गार्वींची कल्पना आपल्या जिल्ह्याला तरी पटकन कळायला हवी.

कारण आपली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने आणली. माणसांची सोय हा तिचा हेतू नव्हता. वऱ्हाडाचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा होता. देश स्वतंत्र झाला, तरी ही लाइन कित्येक दशके खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिच्यावर धावत होते. आता ती बंद आहे.

मँचेस्टरला वऱ्हाडाचा कापूस एवढा हवा का झाला, हेही पाहा. त्याआधी तिथल्या गिरण्या अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तो कापूस थांबला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, बाजारपेठा वाढल्या, पुढे रेल्वे आली. मिसिसिपीच्या शेतातली काळी बाई आणि यवतमाळच्या काळ्या मातीत ओटी बांधून कापूस वेचणारी आपली आजी, दोघींच्या हातचे बोंड एकाच गिरणीत गेले. त्यांची एकमेकींना खबरही नव्हती. जोतिबांना मात्र होती. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना.

तेव्हा “रॅप हे परदेशी खूळ आहे, आपले काय त्यात” असे कोणी म्हटले तर मी म्हणेन की आपले आणि त्यांचे लागेबांधे कोणत्याही गाण्याच्या आधीपासूनचे आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंची संयुक्त राष्ट्रांकडे केलेली याचिका मागवली. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे, हेही लिहिले. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. १९७२ मध्ये ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतले ते ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. पूर्वजांच्या लढ्याचे नाव अंगावर घ्यायचे आणि त्या नावाला जागायचे, हेच ब्रुकलिनच्या त्या दोघांनी केले.

आता डीजेकडे येतो. समितीच्या बैठकीत सर्वांत जास्त शिव्या त्यालाच पडल्या.

जमैकात रस्त्यावर मोठमोठे स्पीकर रचून गाणी वाजवायची पद्धत होती. त्याला साउंड सिस्टिम म्हणत. रेडिओवर जे गरिबांसाठी वाजत नसे ते तिथे वाजे. वाजवणारा गाण्याच्या मध्ये माइकवर बोलायचा, लोकांना हाका द्यायचा. हे पाहत वाढलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा पोरगा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहायला गेला. ११ ऑगस्ट १९७३ ला त्याच्या बहिणीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. पत्ता १५२०, सेजविक अव्हेन्यू. डीजे होता क्लाइव्ह, म्हणजेच कूल हर्क. हिप हॉपचा जन्म लोक याच दिवशी धरतात. गार्वी जमैकाचे आणि हर्कही जमैकाचाच.

म्हणजे माइकवरचा शब्द जन्मला तोच स्पीकरच्या भिंतीपुढे. आपण जयंतीला स्पीकरची भिंत आणली आणि तिच्यापुढचा माणूस मात्र विसरलो. माझी डीजेबद्दलची तक्रार एवढीच आहे. कानठळ्यांची आहेच, दवाखान्यासमोरून जाताना तरी आवाज कमी करा, हे मी दरवर्षी सांगतो. पण नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये जयंतीचा नाच पाहिला तेव्हा मला रडू आले, हेही लपवत नाही. ज्यांना गावच्या रस्त्यावरून वाजतगाजत जायची बंदी होती, त्यांचे रस्त्यावर नाचणे हीसुद्धा एक घोषणा आहे. प्रश्न आहे तो त्या आवाजात आपला शब्द कुठे आहे, हा.

जलशाचा दाखला देणाऱ्या आमच्या गुरुजींना एक गोष्ट नम्रपणे आठवून द्यायची आहे. जलसा आला कुठून? तमाशातून. सत्यशोधकांनी आणि पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेतला. त्यातली देवस्तुती आणि शृंगार काढला. त्या जागी शिक्षण, मेलेली ढोरे न ओढणे, गावकीची गुलामी सोडणे हे विषय आणले. त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांना तमाशा काय वाटत होता? धांगडधिंगाच. मग कव्वाली आली. ती दर्ग्यातून आपल्याकडे आली आणि भीमाची झाली. नागपूरचे नागोराव पाटणकर, प्रल्हाद शिंदे यांच्या कव्वाल्या ऐकत आमची पिढी वाढली. दोन पार्ट्या समोरासमोर, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, रात्रभर. दोन आवाज, एक ठेका आणि शब्दांची झटापट आमच्या वस्तीला नवी नाही. वामनदादा कर्डकांनी तर सिनेमाच्या चालीही वर्ज्य मानल्या नाहीत. जे लोकांच्या कानात आहे त्यावर आपले शब्द बसवायचे, हीच आपली रीत राहिली आहे.

रॅप आपल्या जलशातूनच निघाला, असे मात्र मी म्हणणार नाही. काही उत्साही मित्र तसे लिहितात. ते खोटे आहे आणि ज्यांनी तो घडवला त्या काळ्या लोकांवर अन्यायही आहे. आपला इतिहास चोरला गेला म्हणून ओरडणाऱ्यांनी दुसऱ्याचा चोरू नये.

‘ब्लॅक स्टार’कडे परत येतो. त्या अल्बममध्ये ‘थीव्ज इन द नाइट’ नावाचे गाणे आहे. ते टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० च्या कादंबरीवरून सुचले. निळे डोळे मिळावेत म्हणून झुरणाऱ्या काळ्या मुलीची ती गोष्ट. म्हणजे हे रॅपर वाचणारे होते. तालिब क्वेली ब्रुकलिनमधल्या न्किरू बुक्स या काळ्यांच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला होता. पुढे दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा या दोघांनी मिळून ते घेतले. ही बातमी मला त्यांच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे बाबुराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ पासून आहे. निळ्या डोळ्यांचा हव्यास आणि चोरलेली जात यांत फार अंतर नाही. बागुलांच्या त्या कथेवर रॅप का होऊ नये?

त्या अल्बमची एक उणीवही सांगतो. ‘ब्राउन स्किन लेडी’ या गाण्यात सावळ्या, काळ्या बाईचे मनापासून कौतुक आहे, गोऱ्या कातडीच्या हव्यासाला उत्तर आहे. पण ती बाई स्वतः बोलत नाही. बोलणारे दोघे पुरुषच. आपल्याही जलशात माइक बहुतेक पुरुषांच्याच हातात राहिला आणि रमाईवरची गाणीही पुरुषांनीच जास्त लिहिली. कडूबाई खरात एकतारी घेऊन घराघरांत पोचल्या त्या स्वतःच्या गळ्याच्या आणि लोकांच्या मोबाइलच्या जोरावर. त्या आधी व्यासपीठावर का नव्हत्या, याचे उत्तर समित्यांनी द्यायचे आहे. आमच्यासकट.

आता जो युक्तिवाद पोरांकडून येतो तो. “काका, जात-बीत आणली तं गाणं चालत नाई.” त्यांचा दोष नाही. त्यांनी तसेच पाहिले आहे. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोघांचे ‘मेरे गली में’ आले, गाजले, त्यावरून २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा निघाला. त्यातले ‘आझादी’ हे गाणे आठवा. मूळ गाणे डब शर्माने जेएनयूतल्या २०१६ च्या घोषणांवरून केले होते. त्यात मनुवादापासून आणि ब्राह्मणवादापासून मुक्तीची मागणी होती. सिनेमात ते आले तेव्हा भूक राहिली, गरिबी राहिली आणि मनुवाद नेमका गळाला. बाजार गरिबीला घाबरत नाही, गरिबी विकता येते. जातीचे नाव घेतले की मात्र हिशेब विचारला जातो. तिकडे चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभी राहिली. तिने नावातच जात पुढे आणली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सौरभ अभ्यंकर आणि विपीन ताटड जातीबद्दल उघड बोलतात आणि ऐकलेही जातात. तेव्हा चालत नाही, हे खरे नाही.

दुसरी शंका बोलीची. मुंबईसारखे बोलावे लागते, आपली वऱ्हाडी हसण्यावारी नेतात. इथेही एका जोडीच्या पहिल्या अल्बमचाच दाखला देतो. आउटकास्ट, अटलांटाचे दोघे, अल्बम १९९४ चा. तोवर रॅप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. दक्षिणेकडचे म्हणजे गावंढळ. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात त्यांना बक्षीस मिळाले आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यांच्यातल्या आंद्रेने माइकवरून दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, असे ठणकावले. पुढची दहा वर्षे त्या संगीतावर दक्षिणेचीच छाप राहिली. यवतमाळलाही काही सांगायचे आहे. २०१९ च्या जानेवारीत इथल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाने नयनतारा सहगल यांना बोलावून मग येऊ नका म्हटले. त्या गदारोळात उद्‌घाटन केले ते आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी. त्या दिवशी मोठमोठ्या साहित्यिकांपेक्षा राजूरच्या त्या बाईचे बोलणे लोकांच्या लक्षात राहिले आणि ते तिच्या स्वतःच्या भाषेत होते.

समितीने शेवटी पोरांना दहा मिनिटे दिली. व्याख्यान संपल्यावर, मिरवणूक निघण्याआधी. अट एकच, आधी लिहिलेले गुरुजींना दाखवायचे.

दोन दिवसांनी पोरे माझ्याकडे आली. त्यांना अल्बम करायचा आहे, सहा गाणी तयार आहेत, नाव ठरलेले नाही. त्यांनी विचारले, “काका, आपल्या वस्तीत पयला जलसा कवा झाला?” मला सांगता आले नाही. इतकी वर्षे इतिहासावर लिहितो, आणि माझ्याच गल्लीचा इतिहास माझ्याकडे नाही. मी त्यांना शेजारच्या आजीकडे नेले. तिच्या नवऱ्याची भजनी पार्टी होती. तिने लोखंडी पेटीतून अकरा कॅसेट काढल्या. सात चालतात. पोरांनी कुठून तरी जुना टेप आणून त्या मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या. प्रत्येकीवर कोण गातो, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हे आजीला विचारून लिहून ठेवले. एका गाण्याच्या मध्येच आजोबांचा खोकला आहे. पोरे म्हणतात, तो तसाच ठेवायचा.

मग ती गुरुजींकडे गेली. मीही सोबत होतो. गुरुजींनी कागद हातात घेतला, लाल पेन काढले आणि पहिल्याच कडव्यावर थांबले. पोरांनी महाडचा सत्याग्रह १९३० मध्ये टाकला होता.

“तीस साली काळाराम मंदिर. महाड वीस मार्च सत्तावीस,” गुरुजी म्हणाले. “साल चुकलं तर पुढचं सगळं खोटं वाटतं.”

पोरांनी साल बदलले. त्यामुळे यमक बिघडले. ‘तीस’ला जुळणारा शब्द ‘सत्तावीस’लाही जुळतो, हे आधी गुरुजींच्याच लक्षात आले, पण मग ओळ लांब झाली आणि ठेक्यात बसेना. एक शब्द काढा, दुसरा घाला, असे करत तिघे तासभर बसले होते. गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणत होते, “पुन्हा म्हण. थोडं हळू म्हण.”